“भाऊ, वावर इकू का?”



मागच्या जिल्हा बैठकीत कापसाच्या भावावरची चर्चा संपली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, तरी एक गृहस्थ मंडपाच्या खांबाला टेकून उभेच होते. हातात खताच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. आम्हाला वाटले, बँकेची नोटीस असेल. आमच्याकडे येणारे कागद बहुधा तेच असतात. निघाले नातवाच्या रक्ततपासणीचे. पोर चार वर्षांचे. रक्ताचा कॅन्सर. मुंबईला न्या, असे सांगितलेले. गृहस्थांनी एकच विचारले, “भाऊ, वावर इकू का?”

आम्ही म्हटले, विकू नका. पण का विकू नका आणि मग करायचे काय, हे उभ्या उभ्या सांगून भागण्यासारखे नव्हते. म्हणून या अंकात भावाचा प्रश्न बाजूला ठेवून आम्ही घरातली गोष्ट लिहीत आहोत. घरातली म्हणजे आमच्याच घरातली, धाकट्या भावाच्या मुलीची. भावाची आणि भावजयीची परवानगी घेतली आहे. मुलगी आता मोठी झाली, तिचीही घेतली.

साल २०१६. आधीची दोन वर्षे कोरडी गेली होती, त्या साली पाऊस बरा झाला. भावाकडे पाच एकर कोरडवाहू. साडेतीन एकरांत कपाशी, मध्ये तुरीच्या ओळी, उरलेल्यात ज्वारी. मुलगी पाच वर्षांची. पेरणीच्या गडबडीत तिला ताप येऊ लागला. दोन दिवस जायचा, पुन्हा यायचा. गावात टायफॉइड म्हणाले. मग रक्त कमी आहे म्हणून लाल औषधाच्या बाटल्या झाल्या. पाय दुखतात म्हणून रात्री रडायची, तर आजी म्हणे, वाढीच्या कळा आहेत. अंगावर न पडता-झडता निळे डाग दिसू लागले. तालुक्याच्या एका दवाखान्यात पाच दिवस सुया दिल्या आणि पोरगी खरोखरच उठून खेळू लागली. सगळे म्हणाले, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. तीन आठवड्यांत पुन्हा आडवी झाली, पहिल्यापेक्षा वाईट. त्या सुयांत काय होते ते पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी चिठ्ठ्या पाहून सांगितले. स्टेरॉइड होते.

हे नीट समजून घ्या, कारण अशा सुया आपल्या भागात उठल्यासुटल्या टोचल्या जातात. या कॅन्सरच्या उपचारात स्टेरॉइड हे खरेच एक औषध आहे. ते एकटेच आधी दिले तर रोग काही दिवस दबतो. तपासणीत सापडेनासा होतो आणि पुन्हा उसळतो तेव्हा आटोक्यात आणणे अवघड जाते. ताप दोन आठवड्यांवर लांबला, पोर पांढरे पडले, हाडे दुखतात, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे डाग आहेत किंवा मानेत गाठी आहेत, यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर सुईच्या आधी रक्ताची साधी तपासणी मागा. पेशी मोजायच्या आणि रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. फवारणीच्या एका पंपाच्या औषधाला जेवढे पडतात त्याच्या आसपास पैसे लागतात. आमच्या पोरीची ती तपासणी व्हायला साडेतीन महिने गेले. आम्ही स्वतः कृषी पदवीधर, पानावरचा एक ठिपका पाहून रोग सांगणारे. पुतणीच्या अंगावरचे डाग पाहूनही आम्ही दोन वेळा चहा पिऊन परत गेलो होतो.

रोग असा की हाडांच्या आत जो मगज असतो, जिथे रक्त तयार होते, तिथे पांढऱ्या पेशींची एक जात माजते. तणाने वाफा धरावा तसा मगज धरते. मग तांबड्या पेशींना जागा नाही म्हणून पोर पांढरे पडते, रक्त गोठवणाऱ्यांना जागा नाही म्हणून डाग पडतात, रोगाशी लढणाऱ्या चांगल्या पेशी उरत नाहीत म्हणून ताप हटत नाही. मुलांच्या कॅन्सरमध्ये हा सगळ्यात जास्त आढळतो. आणि ऐकून आश्चर्य वाटेल, हा बराही होतो. श्रीमंत देशांत दहातली नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे चांगल्या केंद्रात उपचार पूर्ण केले तर सहा-सात. ‘पूर्ण केले तर’ हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले, त्याच्याकडे पुढे येतो.

निदान झाले त्या रात्री घरात बैठक बसली. आमचे एक वडीलधारे काका म्हणाले, “पोरीच्या जातीसाठी वावर इकतं का?” बोलणारा माणूस दुष्ट नव्हे. त्यांनीच त्या पोरीला खांद्यावर बसवून पोळा दाखवला होता. पण शब्द तोंडातून निघाले आणि घरातल्या कोणी त्यांना अडवले नाही, आम्हीही नाही. देशातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर कॅन्सरच्या उपचाराला येणाऱ्या मुलांत मुली अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी आहेत. त्या मुली कुठे राहिल्या, हे त्या रात्री आमच्या ओसरीवर कळले. भावजय चुलीपाशी होती. उठून आली आणि म्हणाली, “मी गेली तं निंदन कोन करन ते सांगा. जाऊ नको, असं सांगू नका.”

खरा प्रश्न तोच होता आणि तो तिने एका वाक्यात मांडला. पुढची अडीच वर्षे आम्ही त्याच प्रश्नाचे उत्तर शोधत होतो.

मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात नाव नोंदले. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. औषधांचा मोठा भाग तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेतून निघाला. तीच पुढे २०१७ साली महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू झाली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखांची मर्यादा होती, २०२३ साली ती पाच लाख करण्याचा निर्णय झाला. उरलेले रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाने देणगीदारांकडून जमवले. पहिले महिने मुक्काम दादरला, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. आमच्याच वऱ्हाडातल्या शेणगावचा हा माणूस हातात खराटा घेऊन गावे झाडत हिंडला. त्याच्या नावाच्या छपराखाली पन्नास जिल्ह्यांतली आजारी माणसे आज पाठ टेकतात. पुढे सेंट ज्यूड या संस्थेने एक खोली दिली. २००६ पासून ही संस्था उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना मोफत ठेवून घेते. तिची एक वसाहत आता कॉटन ग्रीनला आहे. तिथे एके काळी आपल्या भागातल्या कापसाच्या गाठींचा बाजार भरत असे. गाठी जायच्या बंद झाल्या, पोरे जातात.

रांगेत बसून बसून भावाने एकदा विचारले, हे पिवळे औषध कशाचे? आम्ही शोधून काढले आणि जे हाती लागले ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बाया रक्त आटून मरत होत्या, त्याचे कारण त्यांना शोधायचे होते. यीस्टचा साधा अर्क दिला की त्या बाया सुधारतात, हे त्यांनी १९३१ साली छापून दाखवले. अर्कातले ते द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. आज आपल्या गरोदर सुनांना सरकारी दवाखान्यात ज्या गोळ्या मिळतात, त्यांत तेच असते. त्यानंतर अमेरिकेत आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या मंडळींनी फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवले, आणि त्याच्यासारखेच दिसणारे पण काम न करणारे एक खोटे द्रव्यही बनवले. पेशी वाढायला फॉलिक ॲसिड लागते. माजलेली पेशी घाईत खोटे उचलते आणि तिथेच अडते. बोगस बियाण्याचा अनुभव आपल्याला आहेच, इथे ते रोगाला विकायचे! बोस्टनच्या सिडनी फार्बर या डॉक्टरांनी हे औषध रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना देऊन १९४८ साली निकाल जाहीर केला. सोळा मुलांपैकी दहांचा आजार काही काळ हटला होता. त्याआधी असे कधी घडलेच नव्हते. त्याच घराण्यातले मेथोट्रेक्सेट म्हणजे ते पिवळे औषध. गिरणीत आपल्या कापसाचे सूत काढणाऱ्या बायांच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यापासून ही वाट सुरू झाली आणि त्याच परळमध्ये कापूसवाल्याच्या पोरीच्या शिरेत येऊन पोचली.

दुसरे एक औषध, विनक्रिस्टीन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून निघते. मात्र हे वाचून कोणी सदाफुलीचा काढा पाजू नये. काही ग्रॅम औषधासाठी टनावारी पाला लागतो आणि त्या पाल्यात विषेही आहेत. आम्ही शपथेवर सांगतो, आमच्याच गावात एकाने असा काढा सुचवला होता आणि सुचवणारा पदवीधर होता.

आता ‘पूर्ण केले तर’ या शब्दांकडे येऊ. या रोगाचा उपचार दोन ते अडीच-तीन वर्षे चालतो. पण पहिल्या महिन्याभरातच पोर हसू लागते, तपासणीत रोगाच्या पेशी दिसत नाहीत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ही वेळ सगळ्यात घाताची. आमच्या पोरीच्या शेजारच्या खाटेवर मराठवाड्यातला एक सहा वर्षांचा मुलगा होता. बाप कापूसवालाच. दोघा पोरांची चांगली गट्टी जमली, औषधाने केस गेलेली डोकी एकमेकांवर घासून हसत. २०१७ च्या जूनमध्ये बाप म्हणाला, पंधरा दिवस गावी जाऊन पेरून येतो, पोरगा तर बराच झाला. गेला. पेरणी झाली, खताला पैसे लागले, मग डवरणी, मग फवारणी. त्या साली बोंडअळीने बोंडे पोखरली हे तुम्हाला सांगायला नको. जायला भाडे उरले नाही आणि पोर तर अंगणात पळत होते. डिसेंबरात डोके दुखते म्हणून आणले तेव्हा रोग मेंदूच्या आवरणात उतरला होता. फेब्रुवारीत मुलगा गेला. बाप आम्हाला पायरीवर भेटला. म्हणाला, “मी पोराला मारलं का हो?”

त्याला काय उत्तर द्यायचे? हरळी एका वखरणीने मरत नाही, वरून रान स्वच्छ दिसते आणि खाली काशा जिवंत असतात, हे त्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. कोणी त्याला त्या भाषेत सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी पेरणीला दुसरा माणूस कोण होता? टाटा रुग्णालयातच २००९ च्या सुमारास पाचातले जवळपास एक मूल उपचार नाकारून किंवा अर्धवट सोडून जात असे. मग त्यांनी राहण्याची, पैशाची सोय लावली, न आलेल्यांना फोन करून शोधायला माणसे नेमली, आणि हे प्रमाण काही वर्षांत पाच टक्क्यांच्या आत आले. औषधे तीच होती. तरीही आमच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा त्या उरलेल्या थोड्यांत सापडला.

आमची पोरगीही थोडक्यात वाचली. २०१७ च्या जुलैत ती गावी होती. रात्री दहाला अंग तापले. औषधांमुळे पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, तेव्हा साधा ताप काही तासांत जीव घेऊ शकतो, म्हणून १०१ ताप दिसला की सकाळची वाट पाहायची नाही असे फाइलवर लाल शाईने लिहिलेले होते. बाहेर पाऊस, नाल्याला पूर. शेजाऱ्याने ट्रॅक्टर काढला. भावजय पोरीला खताच्या पोत्यांच्या कागदात गुंडाळून मडगार्डवर बसली. पहाटे तीनला जिल्ह्याच्या गावी पोचले आणि फाइल पाहून डॉक्टरांनी तासाभरात शिरेतून प्रतिजैविके सुरू केली. ट्रॅक्टरवाल्याने डिझेलचे पैसे घेतले नाहीत. त्याचे आणि भावाचे बांधावरून तीन वर्षे बोलणे बंद होते. आताही फारसे नाही.

पैशाचे म्हणाल तर भावाने वहीत सगळे लिहिले आहे. निदानाआधीच, म्हणजे रोग सापडेपर्यंत, ४१ हजार गेले. मुंबईत औषधांपायी खिशातून १९ हजार. प्रवास आणि खाणे-राहणे मिळून ८६ हजार, आणि हे रेल्वेची सवलत धरून. (शयनयान डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला भाडे नाही, सोबतच्या एकाला पाऊण सूट. रुग्णालयाचा दाखला लागतो. एस.टी.तही सवलत आहे.) भावजयीच्या जागी निंदण-वेचणीला मजूर लावले त्याचे ६२ हजार. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या, रोकड हवी म्हणून कापूस खेडा खरेदीवाल्याला पडेल भावात दिला, शेवटचा वेचा झाडावरच राहिला, तूर निघाली तेव्हा तुरीचा भाव कोसळलेला. हे सगळे मिळून ७८ हजार बुडाले. घाईने बैलजोडी विकली आणि पुढे दुसरी घेतली त्यात २४ हजारांची खोट. एकूण तीन लाख दहा हजार. कागदावर मात्र उपचार मोफत.

हा हिशेब कुठे पाहिल्यासारखा वाटतो ना? २०१८ साली दीडपट हमीभावाची घोषणा झाली, तिच्या उत्पादन खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरलेले नाही. जे शेतकऱ्याच्या घरचे, ते फुकटचे. आजारी पोराच्या बाबतीतही तेच गणित चालते. औषधाची बाटली मोजली जाते, आईचे अडीच वर्षांचे हात मोजले जात नाहीत. आमचे म्हणणे असे की योजनेत औषधासोबत आईबापांपैकी एकाची बुडालेली मजुरी आणि येण्याजाण्याचे भाडे धरावे, आणि जे मूल ठरल्या तारखेला आले नाही त्याच्या घरी तालुक्याच्या आरोग्य खात्याचा माणूस आठवड्यात गेला पाहिजे. लसीकरणासाठी घरोघर जाता येते, तर यासाठी का नाही?

भावाने आणखी एक गोष्ट विचारली होती आणि ती आम्हाला आजही टोचते. “हे फवारणीनं झालं का?” पदवीनंतर चार वर्षे आम्ही कृषी सेवा केंद्र चालवले. त्याच्या शिवारातल्या फवारण्या आमच्याच चिठ्ठीने झाल्या. आम्ही त्याला खरे तेच सांगितले. आईबाप किंवा गरोदर बाई कीटकनाशकाच्या संपर्कात असणे आणि मुलांचा रक्ताचा कॅन्सर, यांत काही संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, पण एका विशिष्ट मुलाला तो कशाने झाला हे सांगता येत नाही. बहुतेकांत कारण सापडतच नाही. पाप नाही, करणी नाही, आईच्या दुधाचा दोष नाही, आणि हा रोग एकापासून दुसऱ्याला होत नाही. त्या दिवसापासून भावाने फवारणीचे कपडे घरात आणणे बंद केले आणि औषधाच्या डब्यात ज्वारीचे बी ठेवणेही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा तरी आम्ही सगळ्यांनी हे करायला हवे होते.

आणि निंदण? २०१७ च्या हंगामात गावातल्या सहा घरांनी सावड धरली. आपल्या आजोबांच्या वेळची इरजिक, दुसरे काही नाही. एकेका घराने पंधरवड्यातला एक दिवस भावाच्या रानात द्यायचा. पहिल्या महिन्यात सहाही घरे आली, श्रावणात चार, भादव्यात तीन, कारण त्यांचीही रानेच होती. उरलेले मजुराने झाले. पण तीन घरांचे ते दिवस पडले म्हणून भावजयीला मुंबईची एकही तारीख चुकवावी लागली नाही. काकांनी राखणीचे काम घेतले, न सांगता.

पोरीचे औषध २०१९ च्या वसंतात थांबले. आता ती आठवीत आहे, गणितात कच्ची आहे, वर्षातून एकदा तपासणीला जाते. जाताना रेल्वेत खिडकीसाठी भांडते.

खांबाला टेकून उभे राहिलेल्या त्या गृहस्थांचा नातू मुंबईला पोचला आहे, पहिला महिना चालू आहे. आईबाप दोघेही तिकडे आहेत, आजोबा एकटे घरी. वावर विकलेले नाही. चार एकर रान वखरून तयार आहे. त्यांच्या गावच्या पाच जणांनी पेरणीचे दिवस वाटून घेतले आहेत, पण गावात तिफणीला बैलजोडी एकच उरली आहे आणि पहिला पाऊस पडल्यावर ती कोणाला मोकळी सापडणार? आसपासच्या गावांतून दोन दिवसांसाठी जोडी आणि माणूस देता येईल अशांनी बैठकीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे नाव द्यावे. वैरणीची सोय आजोबा करणार आहेत.